होडीवाले मिस्कीन

जून उजाडला की उर्दू शाळेतल्या आम्हा शिक्षकांचे निम्मे काम खडूचे असते आणि निम्मे कागदाचे. आधार, पासबुक, रेशनकार्ड आणि या सगळ्यांच्या वर उत्पन्नाचा दाखला. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीसाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असावे लागे. त्यामुळे लालबाग-परळपासून भायखळ्यापर्यंतच्या कितीतरी घरांचे उत्पन्न वर्षानुवर्षे ९० ते ९८ हजारांच्या मध्येच अडकून पडलेले आम्ही पाहिले आहे. घरभाडे वाढते, तेल महागते, थोरला मुलगा कमावता होतो. दाखल्यावरचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

कागद भरून देतो तो आपला माणूस, असे पालकांचे साधे गणित असते. म्हणून शिष्यवृत्तीच्या पाठोपाठ दवाखान्याचे कागदही आमच्या टेबलावर येऊ लागले. कुणाच्या सासऱ्यांचे डायलिसिस, कुणाच्या बाळाच्या हृदयाला छिद्र, कुणाचा मोतीबिंदू. "सर, इथे काय लिहू?" "टीचर, एवढे लिहिले तर चालेल ना?" हे प्रश्न ज्या रकान्यापाशी येतात तो जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असतो : कुटुंबाचे एकूण वार्षिक उत्पन्न.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर हा सगळा पट्टा मुंबई शहर जिल्ह्यात येतो आणि या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचा पत्ता मोठा गमतीचा आहे : जुने जकात घर, शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट. मराठीत जकात म्हणजे नाक्यावर गाडी थांबवून मालावर घेतलेला कर. मुंबईच्या नाक्यांवरची ती जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली. शब्द मूळचा आपलाच, अरबीतला. पण इथवर येता येता त्याचा अर्थ पार फिरला. मालदाराच्या मालातून काढून गरिबाच्या हाती द्यायची गोष्ट नाक्यावरच्या प्रत्येक गाडीवाल्याकडून वसूल होऊ लागली. आणि आज कोण किती गरीब याचा कागद देणाऱ्या जिल्हा प्रशासनाचे घरही जुने जकात घरच. फोर्टात काम निघाले की ती पाटी वाचून आम्हाला दर वेळी हसू येते.

या कागदावर काय काय अवलंबून आहे, हे आपल्या घरांत अजून नीट माहीत नाही, म्हणून थोडे विस्ताराने.

मुंबईतली बरीच नावाजलेली खासगी रुग्णालये कायद्याने सार्वजनिक न्यास आहेत, म्हणजे धर्मादाय. न्यास म्हणून त्यांना सवलती मिळतात आणि त्या बदल्यात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे गरिबांवर उपचार करण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली या बंधनाची पक्की योजना आखून दिली. ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांना सवलतीत. रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'च्या वेगळ्या खात्यात टाकायची. अशा रुग्णाला दाखल करताना अनामत मागायची नाही. सुरुवातीला निर्धन म्हणजे वर्षाला २५,००० पर्यंत उत्पन्न असलेला आणि दुर्बल म्हणजे ५०,००० पर्यंतचा. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत आता निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बलांसाठी ३,६०,००० रुपयांवर आली आहे. तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जायचे. तिथे कुणी टाळाटाळ केली, तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार द्यायची.

यात लाजण्यासारखे काही नाही, हे आम्हाला पालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. "आम्ही खैरात घेणारे नाही" असे म्हणून हक्काची खाट सोडून देणारी आणि मग सोनाराकडे बांगड्या नेणारी घरे आमच्या माहितीत आहेत. ही खैरात नाही, रुग्णालयाने कायद्याप्रमाणे द्यायचे देणे आहे.

ऑपरेशनच्या बाबतीत तर अलीकडे ही रेषा बरीच पुसट झाली आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा पिवळे आणि केशरी रेशनकार्ड असलेल्यांनाच तिचा लाभ मिळे, पांढऱ्या कार्डाला नाही. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले आणि २०२४ पासून कार्डाचा रंग न पाहता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्यालाही उत्पन्नाची अट नाही. ज्यांनी अजून काढले नसेल त्यांनी याच आठवड्यात काढून घ्यावे.

पण या योजना मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णाच्या आहेत. माणूस खाटेवर पडला की सरकार त्याला ओळखते. जो पडलेला नाही, चालत डॉक्टरकडे जातो, तपासून घेतो, गोळ्या घेतो, महिन्याने पुन्हा जातो, आणि हे जन्मभर करणार आहे, त्याच्यासाठी यांत फारसे काही नाही. ऑपरेशनचे २ लाख वाचतात आणि डॉक्टरची फी, रक्ताच्या तपासण्या, साखरेच्या नि प्रेशरच्या गोळ्या यांत घर हळूहळू रिकामे होते. धर्मादाय रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात सवलत मिळते, पण आमच्या अनुभवात तीही बहुतेक ठिकाणी तोच दाखला पाहून. म्हणजे ही रेषा खऱ्या अर्थाने बोचते ती डॉक्टरच्या दारात.

गिरणगावाला ही रेषा नवी नाही. कामगार राज्य विमा योजना मुंबईत आली १९५४ साली. तेव्हा महिन्याला ४०० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येई. लालबाग-परळमध्ये गल्लोगल्ली तिचे पॅनेल डॉक्टर होते. चाळीखालच्या डॉक्टरकडे कार्ड दाखवायचे आणि औषध घेऊन वर यायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी गेली, आणि नोकरीबरोबर घरोघरची ती कार्डेही गेली. जाणाऱ्यांत मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही होते, हे संपाच्या कहाण्यांत सहसा कुणी सांगत नाही. योजना आजही चालू आहे. १ जानेवारी २०१७ पासून तिची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. त्याच्यावर पगार गेला की चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, मग नाव बाहेर. दुकानात, कारखान्यात मालकाने हजार रुपये वाढवले म्हणून घरात गोडधोड व्हावे, आणि काही महिन्यांनी कळावे की त्या हजारापायी अख्ख्या कुटुंबाचा डॉक्टर गेला. असे पालक आम्ही पाहिले आहेत.

उत्पन्न न विचारणारी दारे या शहरात आहेत, तेही सांगायला हवे. परळचे केईएम १९२६ पासून उभे आहे. केसपेपर काढताना खिडकीवर कुणी दाखला मागत नाही. २०२२ पासून महापालिकेचे 'आपला दवाखाना' सुरू झाले आहेत. सकाळी ७ ते २ आणि दुपारी ३ ते रात्री १०, तपासणी मोफत, १४७ चाचण्या मोफत. सर्दी-ताप, साखर, प्रेशर यांसाठी आपल्या बायकांनी खासगीत ३०० रुपये घालवण्याआधी तिथे एकदा जाऊन पाहावे. लालबागचा राजा मंडळाच्या डायलिसिस केंद्रात नाममात्र शुल्क घेतात. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा आठवड्यातून दोनदा तिथे जात. या दारांची किंमत पैशात नसते, ती दिवसांत मोजावी लागते. केईएमच्या रांगेत सकाळी साडेसातला उभा राहिलेला माणूस दुपारच्या आत कामावर पोहोचत नाही, आणि रोजंदारीवाल्याला अर्धा दिवस म्हणजे अर्धा पगार.

आता त्या मुलीची गोष्ट. आमच्या सातवीत आहे. नाव सांगत नाही. नवव्या वर्षी तिला टाइप-१ मधुमेह निघाला. हा मोठ्या माणसांचा, गोड खाल्ल्याने होतो असे लोक समजतात तो मधुमेह नव्हे. शरीर इन्सुलिन बनवायचेच थांबते, म्हणून रोज चार वेळा सुई टोचून घ्यायची, सहा वेळा बोटातून रक्त काढून पट्टीवर तपासायचे, तीन महिन्यांनी सरासरी साखरेची तपासणी, आणि मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरकडे नेमाने फेरी. एकदाही दाखल न होता महिन्याला साडेसहा हजार. दुपारच्या सुट्टीत ती स्टाफरूममध्ये येते, सुई घेते, डबा खाते आणि जाते. आता इतकी सवय झाली आहे की आमचेही तिच्याकडे लक्ष जात नाही.

वडील दादरला कापडाच्या दुकानात, पगार २४,०००. आई घरी साड्यांना फॉल लावते, पिको करते, साडेसहा हजार सुटतात. मिळून ३०,५००. वर्षाचे ३,६६,०००. मर्यादा ३,६०,०००. म्हणजे हे कुटुंब सवलतीच्या रेषेवर आहे महिन्याला ५०० रुपयांनी. खोली पागडीची, म्हणून भाडे थोडे. पण दादीच्या खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले तेव्हा पतपेढीचे कर्ज काढले, त्याचा हप्ता ७,०००. हप्ता आणि मुलीचे औषध वजा केले की सहा माणसांना १७,००० उरतात. विमा योजनेतून वडिलांचे नाव आधीच गेलेले.

मुलीची ज्या रुग्णालयात तपासणी होते तिथल्या बाईंनी सहानुभूतीने ऐकले, आकडा पाहिला, आणि सांगितले की यात बसत नाही. बाहेर पडल्यावर फाटकापाशीच एजंट भेटला. दीड हजारात १ लाख ७० हजारांचा दाखला, तोही चार दिवसांत. आई सरळ आमच्याकडे आली. "टीचर, तुम्ही सांगाल तसे करते."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्यात जो वाद झाला तो बराच रंगला. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, नमाजी, अभ्यासू, म्हणाले की इज्तिरार झाला, जीव जायची वेळ आली, की मेलेले जनावरही हलाल होते. इथे पोरीच्या इन्सुलिनचा प्रश्न आहे. दुसऱ्या बाई गणित शिकवतात. त्या म्हणाल्या, मेलेले जनावर कुणाच्या हक्काचे नसते. ही सवलत मात्र कुणाच्या तरी हक्काची आहे. खाटा १० टक्केच आहेत. आपण खोटे लिहून आत गेलो, तर दारातून परत कोण जाईल? जो खरेच १ लाख ७० हजारात घर चालवतो तोच ना? शिवाय स्वयंघोषणापत्रावर खाली छापलेले असते की खोटी माहिती दिल्यास शिक्षा होईल, आणि सही करणार आई, एजंट नव्हे.

आम्ही सगळे शेवटी गणिताच्या बाईंच्या बाजूला गेलो. आईला सांगितले की खरा आकडा लिहा. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "खरे लिहिले तर दार बंद, खोटे लिहिले तर दोजख. तिसरी वाट असली तर तेवढी सांगा."

तिसरी वाट म्हणून आम्ही आपल्याच लोकांच्या एका न्यासाकडे गेलो. जकात आणि सदक्याच्या पैशातून हा न्यास रुग्णांना औषधपाण्याची मदत करतो, आणि चांगले काम करतो. त्यांचा अर्ज हाती घेतला. तिसरा रकाना : वार्षिक उत्पन्न १,८०,००० च्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला जोडावा. कार्यालयातले भाई अदबीने बोलले, चहा दिला. पण नियम तो नियम. "सरकारनेच मर्यादा ठरवलीय, आम्ही काय करणार? उद्या ऑडिटरने विचारले तर?"

इथे मात्र आमचा संयम सुटला. सरकारला रेषा लागते, हे समजू शकते. कोटी कोटी माणसांची घरे आतून पाहणे त्याला शक्य नाही, म्हणून ते आकडा पाहते. पण जकात सरकारच्या आकड्यावर कधीपासून चालू लागली?

सूरह कहफमध्ये मूसा (अ.) आणि खिज्र (अ.) यांच्या प्रवासाचा किस्सा आहे, आपल्या घरात तो जुम्याच्या जुम्याला वाचला जातो. खिज्र (अ.) एका होडीला भोक पाडतात, कारण पुढे एक बादशहा धडधाकट होड्या जबरीने हिसकावून घेत असतो. त्या होडीच्या मालकांना कुरआनने काय म्हटले आहे? मसाकीन. म्हणजे मिस्कीन. समुद्रावर राबणारी, स्वतःची होडी असलेली माणसे, आणि तरी मिस्कीन. इमाम शाफई (रह.) यांच्या मजहबात याच आयतीवरून असे मांडले गेले की मिस्कीन म्हणजे ज्याच्याजवळ काहीच नाही असा नव्हे, तर ज्याच्याजवळ काही आहे पण पुरत नाही असा. इमाम नववी (रह.) यांनी तर हिशेबच मांडून ठेवला आहे : ज्याला दहा लागतात आणि दोन-तीनच मिळतात तो फकीर, आणि ज्याला दहा लागतात पण सात-आठ मिळतात तो मिस्कीन. सूरह तौबाच्या ज्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार मोजले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन दोघेही आहेत, आणि पुढे कर्जात बुडालेलाही आहे.

रत्नागिरी-रायगडकडचे आपण कोकणी मुसलमान शाफई. पिढ्यानपिढ्या जहाजांवर, मचव्यांवर राबलेले. या होडीवाल्यांचा किस्सा आपल्याला तरी दुसऱ्याने समजावून सांगायला नको. हनफी मजहबाची मांडणी वेगळी आहे. तिथे निसाब पाहतात, साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम, तेवढी मालमत्ता ज्याच्याकडे आहे तो जकात घेऊ शकत नाही. पण तिथेही निसाब मोजताना आधी हाजत-ए-असलिया, म्हणजे राहते घर, कपडे, कामाची हत्यारे बाजूला ठेवतात, आणि कर्ज वजा करतात. दोन्हीकडे पाहणे एकाच गोष्टीकडे आहे : किती आले यापेक्षा किती उरले. रेषा शरीअतमध्येही आहे, हे विसरायचे कारण नाही. ज्याचे भागते त्याला जकात घेणे हराम आहे, आणि ते हराम दाखला खरा असला तरी हरामच. फक्त ती रेषा घराच्या आत जाऊन पाहते.

गंमत अशी की सरकारलाही हे एकदा सुचले होते. केशरी रेशनकार्डाच्या नियमात घरी चारचाकी वाहन नसावे अशी अट होती आणि तिच्याच कंसात टॅक्सीचालकाला त्यातून वगळले होते. टॅक्सी ही मालमत्ता नव्हे, रोजी आहे, हे कुणा कारकुनाच्या लक्षात आले असणार. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे त्या आयतीतली होडीच.

(हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लगेच विचारले, "मग दाखल्याला एक भोक पाडले तर काय बिघडले? खिज्र (अ.) यांनी तेच केले." गणिताच्या बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे जे इल्म होते ते फाटकापाशी उभ्या असलेल्या एजंटाकडे आहे का?")

उर्दूत एक शब्द आहे, सफेदपोश. अंगावर पांढरे, इस्त्रीचे कपडे आणि घरात चूल कशीबशी पेटलेली. सूरह बकरामध्ये अशांचा उल्लेख आहे, की ते मागत नाहीत म्हणून न जाणणाऱ्याला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. आपल्याकडे हे लोक नेमके पांढऱ्या रेशनकार्डाचे असतात. ते कार्ड मिळाले की काही काळ अभिमान वाटतो, मग कळते की हे कार्ड कशालाच लागत नाही. शिक्षणसेवक, दुकानातला मुनीम, मशिदीचे पेशइमाम, कुरियरचा हिशेबनीस. यांच्या घरी एकाला जन्माचे दुखणे लागले की चार-पाच वर्षांत ते पांढऱ्या कार्डासकट केशरी हालात येतात, आणि तोपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

काहिराला सुलतान कलावूनने १२८४ च्या सुमारास बांधलेला मन्सूरी दवाखाना वक्फवर चालत असे, आणि तिथे गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष, गुलाम-मालक सगळ्यांना उपचार मिळत. एवढा वक्फ आज आपल्या कुठल्या न्यासाकडे नाही, हे मान्य. पैसा मोजका आहे आणि मागणारे पुष्कळ, तेव्हा कुठेतरी रेषा ओढावीच लागणार. आमचे म्हणणे एवढेच होते की ती आपण आपल्या हाताने ओढावी.

न्यासाच्या विश्वस्तांपुढे आम्ही शाबानमध्ये एक कागद ठेवला. एकच पान. घरात माणसे किती, कमावते किती. महिन्याला येते किती. भाडे किंवा हप्ता किती. दुखण्यावर किती जाते, त्याची तीन महिन्यांची बिले जोडा. उरते किती. आणि खाली तीन सह्या. या तीन सह्या आमच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. सहीह मुस्लिममध्ये हजरत कबीसा बिन मुखारिक (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषितांनी (स.) तिच्यात सांगितले की मागणे तिघांनाच जायज आहे : ज्याने दुसऱ्याचे ओझे डोक्यावर घेतले, ज्याच्यावर आफत कोसळून सगळे गेले, आणि जो उपासमारीला आला आहे असे त्याच्याच लोकांतली तीन समजदार माणसे सांगतील. तहसीलदार तेव्हा नव्हते. शेजारी होते. आम्ही सुचवलेली तीन माणसे : मुलाच्या शाळेतला शिक्षक, मोहल्ल्यातला औषधवाला, आणि मशिदीचे इमाम. औषधवाल्याचे नाव पाहून विश्वस्त हसले. पण कोण कुठली गोळी अर्धीच पाकिटे विकत घेतो, कोण मागच्या महिन्यापासून आलाच नाही, हे त्याच्याइतके कुणाला माहीत असते?

आक्षेप निघाले. ओळखीपाळखीने सह्या होतील, हा पहिला. त्यात तथ्य आहे. पण दीड हजारात दाखला मिळतो तिथे ओळखीची भीती किती बाळगायची? दुसरा आक्षेप असा की रेषा सैल केली तर अर्ज तिप्पट होतील. होतीलही. त्यावर एका विश्वस्तांनीच तोड काढली, की मदत एकदम मोठी न देता दरमहा औषधाच्या दुकानात थेट भरायची, म्हणजे थोड्या पैशात जास्त घरे होतील. तिसरा आक्षेप वकील असलेल्या विश्वस्तांचा होता, की घोषणापत्रात 'गरीब' लिहिले आहे आणि ३,६६,००० वाल्याला गरीब कसे म्हणायचे. त्यांना होडीचा किस्सा सांगितला. ते म्हणाले, ऑडिटरला तुम्हीच सांगा. दोन तास बोलणे झाले. अखेर ठरले की या रमजानपासून एक वर्ष दहा अर्ज नव्या कागदावर घ्यायचे, बाकीचे जुन्या रीतीने, आणि वर्षअखेर पाहायचे.

त्या दहांत पहिले नाव आम्ही मुलीचे दिले. कागद घेऊन तिच्या आईला बोलावले, समजावून सांगितले, होडीचेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली.

"जकात नको, टीचर. माझ्याहून खाली असलेल्या दोन घरांना मी ओळखते, त्यांची नावे लिहा. आम्हाला उधार मिळेल का?"

कर्ज-ए-हसना या न्यासाच्या घोषणापत्रात आधीपासून होते, कुणी कधी मागितलेच नव्हते. पतपेढीचे उरलेले कर्ज न्यासाने फेडले. आता तिला व्याज नाही, हप्ता तिनेच ठरवायचा. मुलीची फेरी केईएमला लावून घेतली. सकाळच्या रांगेत कधी आई उभी राहते, कधी दहावीतला भाऊ. वडिलांचा खाडा होत नाही. पट्ट्या आणि इन्सुलिनची एक कुपी अजूनही बाहेरून घ्यावी लागते. तिने सांगितलेल्या दोन्ही घरांचे अर्ज आम्ही भरले, त्यातला एक मंजूर झाला. दुसऱ्या घराचा इमामसाहेबांची सही व्हायची म्हणून राहिला आहे, ते ईदनंतर गावाहून येतील.

पहिला हप्ता ती शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात घेऊन आली. ५०० रुपये, आणि पावती द्या म्हणाली.